काचेवरची वेळ

आत जायला दोन मिनिटं लागतात.
गाऊन, मास्क, मास्कवर मास्क, चष्मा, वर ढाल,
हातमोज्यांवर हातमोजे.
आत माणूस थांबलाय
आणि लिगाया पाठीमागे हात नेऊन
गाऊनची नाडी शोधतेय.
सापडली की आत जाऊन
दुसरी शोधायची.

माझं काम लिहिण्याचं.
मी काचेच्या या बाजूला, जाड मार्कर घेऊन.
आतून सरळ वाचता यावं म्हणून
अक्षरं उलटी काढते, उजवीकडून डावीकडे.
हात आता इतका बसलाय
की परवा वाणसामानाची यादीही तशीच लिहिली.
मुलानं ती आरशासमोर धरली,
हसला,
मग नाही हसला.

२:४१. ठोका नाही.

खोली नऊ. टोइवो हार्यू, वय एकसष्ट.
लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर
एकतीस वर्षं स्वयंपाकी.
नळी घालायच्या आदल्या रात्री, ऑक्सिजनच्या दोन घोटांमधून
मला सांगत होता :
तळं खवळलं की भांडं अर्धंच भरायचं.
पूर्ण भरशील तर
सूप छताला.

तीन दिवस तो पालथा आहे.
उताणा करायला सहा जण लागतात,
आत पोचलेत तीन.
डॉक्टर होदान क्षणभरच थांबली,
मग दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर,
खवाट्यांच्या मधोमध.
मी आजवर पाठीवर थाप मारलेली पाहिली होती,
शाबासकी पाहिली होती,
असं कुणाला पाठीकडून हृदयापर्यंत जाताना
पाहिलं नव्हतं.

२:४४. औषध, पहिलं.
२:४५. शॉक? नाही.
पडद्यावर रेघ उठत होती, बसत होती, अगदी व्यवस्थित,
मनगटात काहीच नव्हतं.
विजेला अजून कुणी कळवलं नव्हतं
की खाली काम बंद पडलंय.

या आठवड्यातला हा चौथा.
शंभरातले किती परत येतात ते मला माहीत आहे.
ते मी काचेवर लिहीत नाही.

२:४८. औषध, दुसरं.
होदानच्या ढालीवर आतून वाफ धरली होती.
तिला माझे आकडे दिसत नसणार;
मी ते आणखी मोठे काढले.
सहा जण झाले तेव्हा त्याला उताणा केला.
गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता,
दुपारी झोपून उठलेल्या माणसाला असतो तसा.

फोन इर्याला मीच लावला.
ती टू हार्बर्सला, बर्फानं रस्ता बंद,
आणि रस्ता उघडा असता तरी
दार आम्हीच बंद ठेवलं असतं.
ती रडली नाही. विचारलं,
"त्याच्याजवळ आत्ता कोण आहे?"
मी नावं घेऊ लागले.
"थांबा, हळू," ती म्हणाली, "लिहून घेते."
खण उघडल्याचा आवाज आला.
पेन चालेना बहुतेक, दुसरं शोधलं.
होदान वर्समे. लिगाया दुमलाओ.
श्वासयंत्रावर केंड्रिक.
एकेक अक्षर फोडून सांगितलं.
शेवटी तिनं माझंही विचारलं.

३:०८.

ही ओळ मात्र मी कागदावर लिहिते.
काचेवर लिहिली तर
आतल्यांना ती वाचावी लागते.

मग स्पिरिट, फडकं.
साडेपाचला खोली नऊमध्ये नवी पेशंट आली,
बत्तीस वर्षांची, शाळेची बस चालवणारी,
अजून बोलू शकणारी.
बाहेर बंदराकडे राखाडी उजेड फुटत होता,
तो तिरपा काचेवर पडला
आणि पुसलेलं पुन्हा दिसू लागलं.
मला बाहेरून नुसत्या रेघोट्या.
तिला आतून
सरळ.

"दोन एक्केचाळीसला काय होतं?"
तिनं मास्कमधून विचारलं.

मी म्हटलं, कुणाच्या तरी औषधाची वेळ.

आणि बाहेर जाऊन
पुन्हा पुसलं.