पान एकशे बारा

सॉदरतेल्ये गावात, कालव्याच्या काठी,
बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या माडीवर आमची कचेरी.
माणसं तीन: सिक्स्टन मालक, गुन्वोर हिशेबाला,
आणि मी, शमिरान, डाग काढायला.

मेलेल्या प्राध्यापकांची पुस्तकं आम्ही पुन्हा छापतो.
सत्तर-ऐंशी वर्षं कुणी विचारलं नाही अशी:
कुठल्या बेटावर मयताला कशाची शिदोरी देत,
कुठल्या देवाला कोणत्या वारी मासे चालत नसत,
बाबिलोनच्या पाटांचं पाणी आणि त्यावरून झालेल्या मारामाऱ्या.
प्रती दोनशे. किंमत अशी की लेखकाच्या नातवालाही परवडू नये.
(त्याने तसं पत्रच लिहिलं. मग एक प्रत पाठवली.)

मजकुराशी माझं देणंघेणं नाही.
मजकूर जर्मन, मला जर्मन येत नाही.
मला दिसतं ते पानावर नको असलेलं.
ग्रंथालयाचा शिक्का, गंजलेल्या टाचणीची खूण,
दोन प्रकरणांच्या मध्ये चिरडलेलं चिलट.
पडद्यावर मोठं करायचं, टिपायचं, की गेलं.
दिवसाला साठ पानं धुते मी.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे समुद्र ओलांडून गेलीस ती
लोकांची धुणी धुवायला.

यंदा मातीच्या विटांवरचा स्वयंपाक आला.
कित्येक हजार वर्षांपूर्वीचं कालवण:
कांदा, लसूण, मेंढीची चरबी,
आणि फोडणी पडायच्या ऐन वेळी कंसात,
मजकूर तुटलेला.
हे इतक्यांदा येतं की तेवढं जर्मन मला आलं.
तेवढं, आणि आणखी एक:
अर्थ अज्ञात.

पान एकशे बारा.
डाव्या समासात अंगठा.
तुपाचा म्हणा, चरबीचा म्हणा,
रेघ न् रेघ मोजावी असा उमटलेला.
हे पुस्तक कुणीतरी चुलीजवळ नेलं होतं.
एका हातात पळी, एका हातात पाचशे पानं.
आणि त्याखाली, एका पाल्याच्या नावाशी,
जिथे प्राध्यापकांनी हात टेकले होते,
पेन्सिलीने तीन ओळी,
उजवीकडून डावीकडे,
माझ्या लिपीत.

ही आमच्याकडे विहिरीपाशी उगवते.
फार कडू. चिमूटभरच घालावी,
नाहीतर…
आणि पुढे एक शब्द.
त्या शब्दाला मी अशी हसले
की गुन्वोरची बेरीज चुकली.

आईला विचारलं. नाव वाचून दाखवलं.
ती? ती शेळ्या खातात.
मग फोनवर नुसती खरखर.
मग: गहू आला नाही त्या वर्षी
आम्हीसुद्धा.

सिक्स्टन चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
आपण जसं होतं तसं छापतो, म्हणाला.
म्हटलं, जसं होतं म्हणजे कधी?
लेखकाने लिहून संपवलं तेव्हा,
की हिने वाचून संपवलं तेव्हा?
(हिने, मी म्हटलं. कशावरून, त्याने विचारलं नाही.)
त्याने कॉफी संपवली. गार झालेली, दोनदा ढवळलेली.
अंगठा काढ, म्हणाला.
पेन्सिलीचं काहीच बोलला नाही.

अंगठा काढायला मला पाऊण तास लागला.
एरवी चार सेकंदांचं काम.

मार्चात पुस्तकं बांधून आली. जाड, करकरीत,
डिंकाच्या वासाची, एकालाही हळदीचं बोट न लागलेली.
उघडलं. एकशे बारा.
बांधणाऱ्याच्या यंत्राने डावीकडून
चार मिलिमीटर जास्त छाटलं होतं.
चिमूटभरच घालावी,
नाहीतर
आणि कागद संपतो.

काल एका विद्यापीठातून विचारणा आली,
अगदी अदबीने, पानाच्या फोटोसकट:
समासातल्या टिपेचा शेवटचा शब्द
आपल्याकडे कुणाला ठाऊक आहे का?
सिक्स्टनने पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि थांबला.

मी उत्तर दिलं. माझं पहिलं जर्मन पत्र,
दोनच शब्दांचं.
मजकूर तुटलेला.