क्षेपक

नऊ पोथ्या मेजावर, आणि दहावी
सब्जवारची, कडा कसरीनं खाल्लेल्या.
तिच्यातच तेवढ्या त्या दोन ओळी आहेत.

युद्ध संपलंय. नगारे थांबलेत.
कवी लगोलग पुढल्या राजाकडे वळतो.
त्याला घाई आहे; राजे पन्नास, आयुष्य एक,
आणि मोबदल्याचा पत्ता नाही.
इथं, दोन राजांमधल्या चिंचोळ्या बोळात,
कुणीतरी लिहून ठेवलंय:

घोडा एकटाच घरी आला. आईनं आधी त्याला
पाणी पाजलं, मग रिकाम्या खोगिराला हात लावला.

वृत्त कुठं अडखळत नाही.
तरी हे त्याचं नव्हे. कानच सांगतो,
तीस वर्षं त्याच्याच ओळी चघळतेय.
तो आयांना केस उपटायला लावतो, राखेत लोळवतो.
घोड्याला पाणी?
ते त्याला सुचलं नसतं.

शेवटच्या पानावर नकलकाराची सही:
बिहरूज, जीनगराचा मुलगा.
हिवाळ्यात लिहिलं, शाई गोठत होती,
चुका पदरात घ्या.

कुणाचा घोडा आला होता रे, बिहरूज?

मी नियमानं वागले. ओळी उचलल्या,
तळटीपेत ठेवल्या, बारीक टाइपात,
पुढं एकच शब्द: क्षेपक.

परवा नेशापूरच्या रस्त्यावर टायर बसला.
पंक्चर निघेस्तोवर चहाखान्यात टेकले.
आत एक बोळका कथेकरी काठी आपटत
सैन्यं कापत होता.
युद्ध संपवलं आणि गप्प बसला. समोवर तेवढा बोलत राहिला.
मग अगदी हळू, जणू दार करकरेल म्हणून,
त्यानं घोडा घरी आणला.

ट्रकवाल्यांनी पेले खाली ठेवले.
गल्ल्यामागं बशा पुसणाऱ्या मालकिणीचा
हात फडक्यातच राहिला.
तिच्या डोक्यावर एका पोराचा फोटो,
मिसरूडही न फुटलेला, गणवेश ढगळ,
खाली खुर्रमशहर आणि साल.

उठताना कथेकऱ्याला विचारलं, त्या ओळी कुणाच्या?
"कुणाच्या म्हणजे? त्याच्याच की, बाई."
आणि माझ्याकडं असं पाहिलं
की मी कधी पुस्तक उघडलंच नसावं.

तळटीप तळाशीच आहे. शब्दही तोच.
फक्त छापखान्यात फोन केला,
तेवढ्या टीपेचा टाइप एक पॉइंट वाढवा म्हटलं.
का, म्हणाले.
म्हटलं, डोळे. वयानं दिसत नाही हल्ली.