सध्याचा वापर

फॉर्मात एकच रकाना: सध्याचा वापर.
मी लिहिलं, निरंक.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस दिला नव्हता,
चावी घेऊन आलेल्या चतुराबाईनं धरलं.
निरंक मंजी काय हो सायेब?

गंगाखेडच्या खाली, गंगा जिथं अंग मोडून वळते,
तिथला नावेचा नाका हा.
चौकटीवर उर्दूतली पाटी, अर्धी झिजलेली.
तिनं बोट ठेवून वाचून दाखवली:
बैलाला दोन पैसे, भरल्या गाडीला दोन आणे,
बाळंतणीला आणि प्रेताला माफ.
तिला बापानं सांगितलेली.
बाप कोतवाल; त्याला मरिबा भोयानं.
तिघांतल्या कुणालाच अक्षर येत नव्हतं.

पूल झाला. नाव काठावरच कुजली,
तिच्या फळ्यांचे बाक झाले, तिसरीपर्यंतच्या पोरांना.
भिंतीत काळा चौकोन अजून आहे,
त्यावर पाढे नाहीत, पोती आहेत:
खडूच्या उभ्या चार, आडवी एक,
उभ्या चार, आडवी एक,
शेवटच्या जुडीला आडवी द्यायची राहिली.

पुराची खूण मोजली. दोन मीटर दहा.
सहा सालचं, ती म्हणाली.
हितंच थप्पीवर झाली माझी लेक.
खाली पाणी, वर ज्वारी, अन् आमी मधी.
दाखल्यावर जन्मठिकाण: शासकीय गोदाम, क्रमांक दोन.
साळंत पोरं क्विंटल मनायची तिला.
आता लातूरला नर्स हाय.
कुणी पुसलं तर मनते, नांदेडला झाले.

दारामागं निळ्या रंगात मतदान केंद्राचा आकडा.
छताला वटवाघळं.
भिंतीची जाडी अडीच फूट, चुन्यातली;
पाडायचा खर्च बांधकामाहून जास्त भरेल,
पण तसा रकाना नाही.

आतल्या खोलीत, गारव्याला,
जुन्या साड्यांवर पसरलेला कांदा,
एकावर एक न चढवता,
कुणीतरी रोज हात फिरवून उलटलेला.

हा कुणाचा?

तिनं टोक सोडलं.
सर्रर्र करत टेप माझ्या मुठीत परत आली,
बोटाला कापून गेली थोडी.
गंगेचा वारा लागतो, ती म्हणाली. नासत नाही.

फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.
समासात, बारीक अक्षरात, लिहिलं: कांदा.
नदीकडची खिडकी
मोजायची राहिली.