चार मिनिटं दहा सेकंद

मोजलंय मी.
बटण दाबल्यापासून बरोबर चार मिनिटं दहा सेकंद,
मग पडदा काळा,
पंखे दम टाकत थांबतात
आणि सावद्याची दुपार पुन्हा ऐकू येते:
पिकवणी चेंबरचा कॉम्प्रेसर,
ट्रकमध्ये क्रेट आपटणारी माणसं.

पहिला संशय विजेवर.
आमच्याकडे पहिला संशय विजेवरच असतो.
लीलाधर फेगडे मीटर घेऊन आला, दोनशे त्रेचाळीस म्हणाला,
अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, मूठभर खडेमीठ.
"जमीनच कोरडी झाली, तं वीज जाईन कुढी?"
पाणी मातीनं तिथल्या तिथं पिऊन टाकलं.
चार मिनिटं दहा सेकंद.

मग रॅम.
जळगावहून टेकवाणी फोनवर सांगत होता,
काढा मॅडम, खोडरबरानं पुसा, परत लावा,
टक्क आवाज येईपर्यंत दाबा.
भाच्याच्या कंपासातला खोडरबर, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
ही पट्टी या खाचेत, ती त्या खाचेत,
मग दोन्ही उलट.
मदरबोर्ड वाकायचा तेव्हा
माझ्याच पाठीत काहीतरी वाकायचं:
चौदा महिने एकेक भाग जमवला होता,
पाकिटातल्या पावत्यांची शाईसुद्धा उडून गेलेली.

तिसरा संशय उन्हावर, तो तर सगळ्या गल्लीचाच.
"माणसं बंद पडून राह्यली," काकू म्हणाली, "ते तं यंत्र आहे."
डबा उघडा करून कूलरसमोर मांडला.
वाळ्याचा वास, तुषार,
पप्पा ओरडले, भिजन ना ते!
चार मिनिटं चाळीस.
तीस सेकंद जास्त.
लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी ते लिहून ठेवलं,
खाली दोन रेघा मारून.

पप्पांनी ती पत्रिका वाचली.
एकतीस वर्षं चेंबरमध्ये काढलेला माणूस,
दाराला तळहात लावून सांगतो आत केळी कुठवर आली.
यंत्र बंद पडताच त्यांनी हात आत घातला
आणि पंख्याखालच्या धातूवर बोटं ठेवली.
"हे तं थंड आहे, नूतन.
आत तापून राह्यलं, अन् वर थंड.
मंग उष्णता अडून राह्यली कुढी?"

चार स्क्रू, तिरपे-तिरपे, अर्धा-अर्धा फेरा.
थोडं पिळून उचलला.
तळाला पेस्ट, वाटाण्याएवढी, चपटी झालेली,
आणि पेस्टच्या नि तांब्याच्या मध्ये
पारदर्शक, गुळगुळीत, अगदी नीट बसलेला
प्लास्टिकचा पापुद्रा.
लाल अक्षरांत लिहिलेलं:
वापरण्यापूर्वी काढा.

कुणीच काही बोललं नाही.
रिमोट पिशवीत आहे आमच्या घरी.
फ्रिजच्या दाराची फिल्म दोन वर्षांपासून कोपऱ्यात कुरळी होतेय.
स्कूटीच्या सीटवर शोरूमचं कव्हर, घाम फुटेपर्यंत.
नवी वस्तू नवीच राहिली पाहिजे,
म्हणून आम्ही तिला हात लावतो तेही तिच्या कातीवरूनच.
जोडणीच्या रात्री बॅटरी पप्पांनीच धरली होती.
मी विचारलं होतं, हे काढू का?
"राहू दे," म्हणाले होते, "चरे पडतीन."
मला आठवलं.
त्यांनाही आठवलं असावं, कारण ते
उगाच स्क्रू मोजत बसले, चारच होते.

पापुद्रा निघताना बारीक आवाज झाला.
ट्यूबमध्ये पेस्ट उरली होती, थोडी.

तीन मिनिटं.
चार.
चार-दहा, कुणी श्वास घेतला नाही.
पाच.
सातव्या मिनिटाला पप्पा उठले, फ्रिजपाशी गेले,
फिल्मचा कोपरा धरून बोटभर सोलला,
थांबले,
आणि अंगठ्यानं परत चिकटवून टाकला.

अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.
माझा हात डब्यावर, पप्पांचा मीटरवर.
तेवढ्यात चेंबरचा कॉम्प्रेसरही थांबला,
शेजारचा कूलर, पिठाची गिरणी,
आणि गल्लीत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं,
"गेली!"

आम्ही दोघं अंधारात हसत सुटलो.
आमचं नव्हतं गेलं काही.
सगळ्या सावद्याचीच गेली होती.