पाच पॉइंटचं अक्षर

रबाळ्याच्या शेडमध्ये, चार रंगांच्या मशीनवर
मी पोपट छापतो.
हिरवा पोपट, पिवळी चोच, पंजात चमचा,
डोक्यावर खलाशाची टोपी.
एका पाळीत अकरा हजार पोपट.
गावकरसाहेब भिंग लावून बघतात:
चोचीबाहेर पिवळा सांडला
तर अख्खी थप्पी रद्दी.

मागच्या बाजूला कुणी भिंग लावत नाही.
तिथे पाच पॉइंटचं अक्षर, राखाडीवर राखाडी –
शंभर ग्रॅममागे साखर चौतीस.
चार वर्षं छापत होतो.
वाचलं परवा,
केतकीच्या दाढा बघून घणसोलीच्या डॉक्टरीणबाईंनी
सकाळी काय खाते, विचारल्यावर.
मी म्हणालो होतो, पोपट.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधली साखर
शाई तोलायच्या काट्यावर ठेवली.
सपाट चमचा, चार ग्रॅम.
खोक्यावर लिहिलंय, एका वेळी तीस ग्रॅम घ्या.
तीस ग्रॅम म्हणजे वाटीचा तळ झाकेल एवढं.
माझी लेक वाटी भरते, वरून हाताने दाबते, पुन्हा भरते.
साठ धरले. पाच चमचे.
माझ्या चहात कुणी पाच घातले असते
तर रेश्माने कप ओढून घेतला असता.

रविवारी सेक्टर सातच्या दुकानात
आम्ही तिघं त्या मांडणीसमोर.
मी खोकी उलटी करत जातो,
केतकी मागून सुलटी करत येते.
पुढे मध, फळं, शक्ती, धावणारी मुलं.
मागे एकोणतीस, एकतीस, सव्वीस.
सगळ्यात खाली, गुडघ्याशी,
दोनच रंगांत छापलेलं एक खोकं. साखर पाच.
"पप्पा, याच्यावर कुणीच नाहीये."
खरंच नव्हतं.
छापणाऱ्याला मजुरीही कमीच मिळाली असणार.

सोमवारी वाटी तशीच राहिली.
मंगळवारी निम्मं जुनं, निम्मं नवं केलं;
तिने जुनं तेवढं वेचून खाल्लं,
उरलेलं मी उभ्या उभ्या संपवलं, पहिल्या पाळीला निघताना.
पुठ्ठ्यासारखं लागलं. मला पुठ्ठा कळतो.
बुधवारी रेश्माने काही न बोलता
ज्वारीच्या लाह्या आणल्या, दुधात टाकल्या.
केतकीने वाटीला कान लावला.
"या बोलतात," म्हणाली.
खाल्ल्या नाहीत सगळ्या. ऐकल्या मात्र सगळ्या.

शनिवारी रद्दीतून एक पोपट उचलून आणला,
चोचीबाहेर पिवळा सांडलेला.
तिने तो कडेकडेने कापला,
लाह्यांच्या स्टीलच्या डब्यावर चिकटवला.
मग डबा फिरवला, मागेही कागद लावला,
आणि जीभ बाहेर काढून, स्केचपेनने,
दोन वेलांट्या चुकवून,
दारातून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहिलं:

साखर नाही.
गूळ थोडासा.
आई बघत नसेल तर जास्त.