औली, उणे सहा

साडेनऊला माग थांबतात.
कानात खडखड मात्र चालू.
अशोक चौकात पत्र्याखाली मी फोन उघडतो.
सोलापूर एकोणतीस.
अंगठा सरकवला की औली, उणे सहा.

काय बघायचं ते श्रीलताने शिकवलंय:
बर्फाचा नुसता आकडा बघून भुलायचं नाही, नायना.
दुपारी ऊन पडलं, रात्री गोठलं
की सकाळी वर काचेसारखी पापडी,
स्कीची कड धरतच नाही.
वारा सुटला तर एका अंगाला ढीग,
दुसऱ्या अंगाला उघडा खडक.

मला बर्फ कळत नाही.
आर्द्रता कळते.
हवा कोरडी झाली की सूत तुटतं,
मग फरशीवर पाणी मारायचं.
तीस वर्षं हे नाकानेच मोजलंय.

आज लिहिलंय:
पहाटेपर्यंत बारा सेंटीमीटर, भुसभुशीत, वारा नाही.
मागावरच्या अर्ध्या टॉवेलवर
तळहात उलटा फिरवतो.
फासे उभे राहतात.
असाच असेल?

लिहितो, उद्या चांगलं आहे. टोपी घाल.
हेल्मेट, नायना.
बरं, हेल्मेट.

पंखा पाचवर करतो.
तो तीनवरच फिरतो.