पॉज

यशवंतरावला दुपारचा प्रयोग.
दुसऱ्या अंकात मी टीपॉयवर धडपडते,
पदरासकट, पोह्यांच्या ताटासकट,
आणि लगेच उठत नाही.
दोन मोजते. अडीच.
मग मान वर करून विचारते, "चहा घेणार?"
अख्खं थिएटर फुटतं.

तिसऱ्या घंटेआधी
ब्लाउजला आतून रुमाल लावला होता.
तरी हशा वाढला तसं दूध आलं.
त्याला काय कळतंय
कोण रडतंय नि कोण हसतंय.

मोरे विद्यालयाच्या सिग्नलला
हेल्मेटखाली अजून सरोजवहिनीचं ठसठशीत कुंकू.
मागचा हॉर्न देतोय. देऊ दे.

दार उघडताच विमलमावशी म्हणाल्या,
"चार पावलं टाकली हो आज. तुम्ही हव्या होतात."
मी हो म्हटलं.
चप्पल काढायची राहिली.

तेवढ्यात निषादने सोफा सोडला.
एक. दोन.
आणि बदकन बसला माझ्यासमोर.
रडला नाही, हसला नाही,
नुसता बघत राहिला माझ्या तोंडाकडे,
दोन, अडीच.

एवढं थांबायला शिकताना माझी आठ वर्षं गेली,
शिवाय एका दिग्दर्शकाच्या शिव्या.

हा अकरा महिन्यांचा.
आणि पुढचं वाक्य माझं होतं.